हे ४६५ किलोमीटर कुठले?

मामांची सीएनजी गाडी आता थकली आहे आणि पुढची कोणती घ्यायची यावरून त्यांचं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं गेले काही महिने जुंपलेलं आहे. मामा डोंबिवलीचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स सांभाळून निवृत्त झाले. बहीण ठाण्यात कासारवडवलीला राहते, नोकरीला ऐरोलीला जाते आणि ४०.५ युनिटांची बॅटरी असलेली इलेक्ट्रिक गाडी स्वतः चालवते. मामांना इलेक्ट्रिक गाडीवर विश्वास नाही, बहिणीला आता दुसरी कुठली गाडी नको वाटते. दोघांनाही आकडे पाठ असतात आणि समोरच्याने 'मला वाटतं' म्हटलं की दोघंही 'मोजलंस का?' विचारतात. त्यामुळे त्यांच्या भांडणातून ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी लागतं. गाडी घ्यायला निघालेल्या कोणालाही कामी येईल एवढा भाग इथे लिहितो.

सुरुवात मामांच्या प्रश्नापासून करायला हवी, कारण तो आज प्रत्येक ग्राहकाच्या मनात आहे.

"नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली तेव्हा ३०.२ युनिटांच्या बॅटरीवर ३१२ किलोमीटर जाईल म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये मॅक्स आली, ४०.५ युनिट, ४३७ किलोमीटर. पुढच्याच वर्षी गाडीचं रूप बदललं, बॅटरी तेवढीच, आणि आकडा झाला ४६५. यातले शिळफाट्याच्या रस्त्यावरचे किलोमीटर कुठले, ते मला सांग."

"एकही नाही, मामा. ते रोलरवरचे आहेत. एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. तिथे गाडीची चाकं रोलरवर ठेवतात. गाडी जागची हलत नाही, चाकं फिरतात. किती सेकंदांनी किती वेग घ्यायचा, कधी थांबायचं, याचा तक्ता ठरलेला असतो. मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात त्याला. त्याच्या शहरी भागात वेग ताशी ५० च्या पुढे जात नाही. शहराबाहेरच्या भागात जातो तो ९० पर्यंत. दोन्ही भाग मिळून वीस मिनिटंही होत नाहीत. आणि एसी बंद."

"मे महिन्यात एसी बंद ठेवून मानपाडा रोडवरून जाणारा माणूस मला दाखव."

"नाहीच सापडणार. युरोपने याच तक्त्याचा मूळ नमुना २०१७ पासून बाजूला ठेवला. त्यांची नवी चाचणी जास्त वेळ चालते आणि तिच्यात वेग ताशी १३० पर्यंत जातो. आपला तक्ता त्याच जुन्या घराण्यातला."

इथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. रोलरवरची चाचणी ही फसवणूक नव्हे. दोन गाड्या एकाच कसोटीवर लावून कोणती कमी वीज खाते हे ठरवायचं, तर ऊन, पाऊस, गर्दी आणि चालवणाऱ्याचा पाय या सगळ्या गोष्टी बाजूला ठेवाव्याच लागतात. घोटाळा पुढे होतो. तुलनेसाठी काढलेला आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येतो आणि घेणाऱ्याला ते वचन वाटतं. कल्याण-डोंबिवलीतल्या मध्यमवर्गीय घरात गाडी म्हणजे पाच-सात वर्षांच्या कर्जाचे हप्ते. त्या घराला वचन आणि चाचणी यांतला फरक विक्रेत्याने स्वतःहून सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बहिणीने तोच धागा पकडला. "थोडं सुधारतंय. पंच ईव्ही जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा ३५ युनिटांच्या बॅटरीचा आकडा ४२१ होता. तो शहरी भागाचा. पुढे दोन्ही भाग धरायचे ठरल्यावर त्याच गाडीचा आकडा ३६५ झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्व्ह ईव्ही आली. तिच्या ५५ युनिटांच्या बॅटरीला प्रमाणित आकडा ५८५. पण टाटांनी सोबत आणखी एक आकडा दिला, ४०० ते ४२५. शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना एवढे मिळतील, असा."

"म्हणजे ५८५ लिहिणाऱ्यालाच खरे ४२५ ठाऊक होते."

"ठाऊक होते आणि त्याने ते सांगितले. सीएनजीच्या गाडीचं कोण सांगतं? वॅगनआर सीएनजीचा प्रमाणित आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर आहे. पत्री पूल, काटई नाका, शिळफाटा करत जाणाऱ्याला तेवढे मिळतात?"

"नाही मिळत. माझी तर जुनी गाडी, तेवीस देते. पण फरक कुठे आहे ते ऐक. माझा आकडा खोटा निघाला तर मला आणखी एकदा पंपावर रांग लावावी लागते. सीएनजी संपला तर खालची पेट्रोलची टाकी आहे. तुझा आकडा खोटा निघाला तर तू रस्त्याच्या कडेला उभी. चूक दोन्हीकडे सारखी, पण शिक्षा सारखी नाही."

मला हा मामांचा सगळ्यात नेमका मुद्दा वाटतो. इलेक्ट्रिक गाडीची बाजू घेणारे लोक 'पेट्रोलच्या गाडीचंही मायलेज सांगतात तेवढं कुठे मिळतं' असं म्हणून विषय मिटवतात. तो असा मिटत नाही. ज्या गाडीला पुन्हा भरायला तास लागतो, तिच्या आकड्यात चूक राहायला जागाही तेवढीच कमी हवी.

बहिणीला ते मान्य झालं. "म्हणूनच मी किलोमीटर बघत नाही. तुम्ही वीजबिलात युनिट बघता ना, मीही तेच बघते. शंभर किलोमीटरला किती युनिट लागली, एवढा एकच आकडा. घोडबंदर रोडने ऐरोलीला जाताना, एसी लावून, साडेबारा ते तेरा लागतात. बॅटरीतली वापरता येणारी वीज ३८ युनिट धरा आणि भागा."

"तीनशेला थोडे कमी. आणि कंपनी म्हणते ४६५."

"हो. घरून निघते तेव्हा माझ्या डोक्यात २९० असतात. ४६५ माझ्या कुठल्याच हिशेबात नाहीत."

मग मामांनी गर्दीचा विषय काढला. गायमुखच्या घाटात एखादा ट्रेलर बंद पडला की माजिवड्यापर्यंत काय होतं हे ठाण्यातल्या लहान मुलालाही माहीत आहे, आणि मेट्रोच्या कामाने गेली कित्येक वर्षं त्यात भर घातलेली. "दीड तास अडकलीस की बॅटरीचं काय होतं?"

"मोटर थांबली की मोटरला वीज लागत नाही, हे मी तुम्हाला काय सांगू? दिवे आणि स्क्रीनला नावापुरती जाते. खरी खाणारी गोष्ट एसी. उन्हाळ्यात गाडी थंड झाल्यावर सरासरी एक किलोवॉट धरा. दीड तासाला दीड युनिट. म्हणजे माझे अकरा-बारा किलोमीटर गेले. तेवढ्याच वेळात तुमचं इंजिन जागेवर उभं राहून गॅस जाळत असतं आणि हातात काहीच येत नाही."

"आणि पुढेमागे, पुढेमागे करण्यात जाते ती?"

"ती बरीचशी परत येते. सोळाशे किलोची गाडी ताशी ५० ने जात असेल तर तिच्या वेगात सुमारे ०.०४ युनिट अडकलेलं असतं. असे पंचवीसदा ब्रेक मारले की एक युनिट. साध्या गाडीत त्या युनिटाची ब्रेकमध्ये नुसती उष्णता होते. माझ्या गाडीत पाय उचलला की मोटर उलटी जनरेटर होते आणि निम्म्याहून जास्त वीज बॅटरीत परत जाते."

हे मामांना समजावण्याची गरज नव्हती. आयुष्यभर ज्या लोकलने ते फिरले, तिच्यात हीच सोय आहे. २००७ पासून मुंबईत आलेल्या सीमेन्सच्या यंत्रणेच्या गाड्या थांबताना वीज तारेत परत सोडतात आणि ती मागच्या-पुढच्या गाडीला वापरता येते. "लोकलचं बरोबर आहे," मामा म्हणाले, "तिला बॅटरी भरायची नसते, तार डोक्यावर असते. पण तत्त्व मान्य."

यातून जे निघतं ते पेट्रोल-डिझेलवर वाढलेल्या आपल्या पिढीच्या सवयीच्या अगदी उलट आहे. आपण नेहमी म्हणत आलो की गावात गाडी जास्त खाते आणि हायवेला लागली की मायलेज देते. इलेक्ट्रिक गाडी गावात कमी खाते आणि हायवेला जास्त. ज्याचा रोजचा रस्ता डोंबिवली ते तळोजा किंवा कल्याण ते ठाणे असा मुंगीच्या चालीचा आहे, त्याला ती मनासारखी निघते. आणि तोच माणूस सुट्टीत हौसेने लांब निघाला की पहिल्याच तासात हादरतो. त्यात डिस्प्लेवरचा 'इतके किलोमीटर उरले' हा आकडा आणखी गोंधळ घालतो. तो आदल्या काही दिवसांच्या चालीवरून पुढचा अंदाज बांधतो. आठवडाभर घोडबंदर रोडला सरपटलेली गाडी शनिवारी सकाळी ३०० दाखवते, आणि नाशिक हायवेला लागल्यावर वीस किलोमीटर अंतर कापलं की आकडा तीसने उतरलेला असतो. गाडी बिघडलेली नसते. तिला शनिवारचा बेत माहीत नसतो, एवढंच.

"हायवेला किती पडतं? खरं सांग," मामांनी विचारलं.

"ताशी ८० ने गेले तर चौदा युनिट. १०० ने अठरा. १२० ने तेवीस."

"एवढा फरक?"

"हवेचा. ८० वरून १२० म्हणजे वेग दीडपट, पण हवेचा अडथळा दीडाचा वर्ग, सव्वादोनपट. पेट्रोलच्या गाडीलाही तो तेवढाच असतो. पण तिथे इंजिन आधीच इतकी उष्णता वाया घालवत असतं की हा खर्च त्यात दिसत नाही. इथे वाया जाणारं फार थोडं, म्हणून हवा उघडी पडते."

आता ८० च्या वेगाला ३८ युनिटांत २७० किलोमीटर होतात आणि १२० ला १६५. एकच गाडी, एकच बॅटरी. हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातल्या लोकांपुढे आता रोजचा होणार आहे, कारण समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा तो रस्ता भिवंडीजवळ आपल्या दारात येऊन थांबला. मोटारींना तिथे ताशी १२० ची मुभा आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. म्हणजे मोह दुहेरी. टोल नाही आणि रस्ता मोकळा.

बहिणीने नागपूरच्या प्रवासासाठी एक हिशेब मांडला होता, तो मला या सगळ्या वादातला सर्वांत मोलाचा वाटतो. तिची गाडी जलद चार्जरवर १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला साधारण तास घेते. म्हणजे तासाला २८ युनिट. लांबच्या प्रवासात जी वीज वापरली ती वाटेतच भरायची आहे, असं धरा. ताशी ८० ने शंभर किलोमीटरला पंचाहत्तर मिनिटं लागतात आणि चौदा युनिट भरायला तीस. एकूण एकशे पाच. १०० ने गेलं तर साठ मिनिटं आणि अठरा युनिटांना एकोणचाळीस. एकूण नव्याण्णव. १२० ने गेलं तर पन्नास मिनिटं आणि तेवीस युनिटांना एकोणपन्नास. एकूण पुन्हा नव्याण्णव.

मामांनी पेन घेऊन तो तपासला. "म्हणजे १०० वरून १२० वर जाऊन वाचवलेली दहा मिनिटं चार्जरसमोर उभं राहून परत करायची. वर वीज जास्त जाळायची आणि टायर झिजवायचे."

"चार्जर मोकळा मिळाला तर. तिथे आधीच दोन गाड्या असल्या तर हिशेब आणखी बिघडतो. जास्त वेगाने भरून घेणारी महाग गाडी असेल तिला १२० परवडेल. माझ्या गाडीला नाही. मी ९० ते १०० मध्ये जाते आणि मागून दिवे मारणाऱ्याला पुढे जाऊ देते."

हा हिशेब कुठल्याही शोरूममध्ये सांगत नाहीत. सांगायला हवा. गाडीच्या काचेवर एकच मोठा आकडा चिकटवण्याऐवजी ८०, १०० आणि १२० या तीन वेगांना शंभर किलोमीटरमागे किती युनिट, एवढी तीन ओळींची चिठ्ठी लावली, तरी निम्मी भीती जाईल आणि निम्मा भाबडेपणाही.

मामांची खरी परीक्षा मात्र नागपूरची नव्हे, जुन्नरची. तिथे त्यांचं जुनं घर आहे. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, मग माळशेज घाट चढून पलीकडे. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर, त्यात सातशे मीटरची चढण. "घाटात किती जाते?"

"हे तुम्हीच काढा. माणसं आणि सामान धरून सतराशे किलो."

मामांनी काढलं. सतराशे किलो, सातशे मीटर, सव्वातीन युनिट. वाटेतली गळती धरून साडेतीन. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी घाटाची भीती यापेक्षा बरीच मोठी धरली होती. जाताना रस्त्याची सतरा आणि चढणीची साडेतीन, म्हणजे वीस-एकवीस. येताना उतारावर दोनेक परत येतील, म्हणजे पंधरा. एकूण पस्तीस-छत्तीस.

"३८ मधले ३६," मामा म्हणाले. "हे काही खरं नाही. पाऊस असला, गाडी खड्ड्यातून आणि साचलेल्या पाण्यातून न्यावी लागली, मुरबाडला वळसा पडला, की संपलं."

"मीही हे धाडस करणार नाही. वीस टक्के उरवूनच घरी यायचं, हा माझा नियम. पण तुम्ही जुन्नरला रात्री राहता. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभरात वीस युनिट सहज भरतात."

"गावात रात्री वीज असते. व्होल्टेज किती असतं ते विचारू नकोस. आणि त्या घराचं अर्थिंग माझ्या वडिलांच्या वेळचं आहे."

"मग ते आधी करून घ्या. अर्थिंग नीट नसलं तर चार्जर वीज घेतच नाही, लाल दिवा लावून बसतो. ते बरंच आहे एका अर्थी. त्या घरात मिक्सर, गीझर सगळं त्याच अर्थिंगवर चालतं आहे."

उतरणीचा एक बारकावा तिने सांगितला तो लिहून ठेवतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीला उतारावर तयार होणारी वीज घ्यायला जागा नसते, त्यामुळे मोटरचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. जुन्नरहून घाटमाथा तीसेक किलोमीटर लांब आहे, तेवढ्यात जागा होते. लोणावळ्यात शंभर टक्के भरून लगेच बोरघाट उतरणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवायला हवं. बॅटरीचंही एक सांगायचं राहिलं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या असतात. त्यांचा विद्युतदाब मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे किती वीज उरली हे गाडीला नेमकं कळत नाही. अधूनमधून शंभर टक्के भरली की मोजणी पुन्हा जाग्यावर येते.

हवामानात आपण सुदैवी आहोत. नॉर्वेच्या हिवाळ्यात इलेक्ट्रिक गाडीचा पल्ला पाचव्या हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त घटतो, कारण थंडीत बॅटरी आळसावते आणि हीटर भरपूर खातो. ठाण्याच्या जानेवारीत तर एसीही मंदावतो आणि बहिणीची गाडी वर्षातले सगळ्यात चांगले आकडे देते.

इथवर बहिणीची बाजू वरचढ होती. मग मामांनी एक प्रश्न विचारला आणि ती थांबली.

"हे तेरा आणि अठरा युनिट तू कुठे मोजलेस? मीटर कुठे लावला होता?"

"गाडीच्या डिस्प्लेवर."

"म्हणजे बॅटरीतून निघालेली वीज. मी पैसे भिंतीतून निघालेल्या विजेचे देतो. भिंतीपासून बॅटरीपर्यंत एसीची डीसी होते, त्यात किती जाते?"

"दहा-बारा टक्के."

"मग तुझे तेरा म्हणजे माझे साडेचौदा. हिशेब बिलावरच्या मीटरचा धर. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशे युनिटच्या आसपास. माझ्या घराचं बिल आज तीनशेच्या आतल्या टप्प्यात बसतं. ही दीडशे मिळवली की वरची युनिट ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जातात आणि दर चढतो."

तिने ते खाली मान घालून लिहून घेतलं. मग दोघांनी मिळून नवा हिशेब केला. सीएनजी किलोला ८० रुपये, तेवीस किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेतीन. घरच्या विजेचा दर वाढीव टप्प्याचा, युनिटला १६ रुपये धरला तरी किलोमीटरला सव्वादोन-अडीच. दर १२ धरला तर पावणेदोन. आणि सार्वजनिक जलद चार्जरवर २३ रुपयांच्या आसपास दर लागला तर सव्वातीन-साडेतीन. म्हणजे जवळजवळ सीएनजीएवढाच.

या शेवटच्या आकड्याशी दोघंही थबकली, आणि इथे वादाचा विषयच बदलला. पल्ला २७० की २९०, हे भांडण मागे पडलं. ज्याच्या गाडीजवळ घरचा प्लग आहे त्याला रोज सकाळी भरलेली बॅटरी मिळते, स्वस्त मिळते, आणि मग रोजच्या चाळीस-पन्नास किलोमीटरला ४६५ काय आणि २९० काय, काहीच फरक पडत नाही. ज्याच्याकडे तो नाही त्याला प्रत्येक किलोमीटर मोजावा लागतो, वर पैसेही वाचत नाहीत. ठाण्यातल्या नव्या टॉवरांत पार्किंगलाच मीटरपासून लाइन ओढून देणारे बिल्डर आता निघाले आहेत. डोंबिवलीतल्या चार मजली जुन्या इमारतींत गाड्या कंपाउंडमध्ये उघड्यावर उभ्या असतात, मीटर जिन्याखालच्या खोलीत असतात आणि सोसायटीची कमिटी आगीच्या भीतीने 'पुढच्या मीटिंगला बघू' म्हणते.

"मामा, तुमच्या सोसायटीत काय स्थिती आहे?"

"कमिटीवर मीच आहे." मामा सरळ म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने स्कूटरसाठी पॉइंट मागितला होता. खिडकीतून वायर सोडायची म्हणत होता, मी नाही म्हटलं. ते योग्यच होतं. दुसऱ्या मजल्यावरून लोंबणारी वायर आणि पावसात उघडा बोर्ड मी कधीच होऊ देणार नाही."

"वायर लोंबवायची नाहीच. ज्याच्या त्याच्या मीटरपासून पाइपातून केबल, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा ब्रेकर, पावसापासून झाकलेला बोर्ड, नवं अर्थिंग. घरच्याच जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुभा आहे. महावितरणकडे ईव्हीसाठी वेगळी जोडणीही मागता येते."

"एकाचं झालं. उद्या सोळाच्या सोळा बिऱ्हाडांनी मागितलं तर? सोळा गुणिले ३.३ किलोवॉट, त्रेपन्न. आमची मेन केबल तेवढी नाही. ट्रान्सफॉर्मरचंही बघावं लागेल."

"सगळे एकाच वेळी, पूर्ण वेळ भरणार आहेत का? रोजचे पस्तीस-चाळीस किलोमीटर म्हणजे प्रत्येकी पाच युनिट. सोळा जणांची ऐंशी. रात्रीच्या आठ तासांत ती विभागली तर?"

मामा गप्प झाले आणि त्यांनी पुन्हा पेन उचललं. हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामातला प्रश्न होता. कारखान्यात कोणती मोटर कधी सुरू करायची म्हणजे मागणी मर्यादेच्या वर जाणार नाही, हेच तर ते करत आले. "दहा किलोवॉट," ते म्हणाले. "आळीपाळीने लावली तर दहा. रात्री पाण्याचा पंपही बंद असतो. पण आळीपाळी माणसांच्या भरवशावर चालणार नाही. एकाच पॅनलमधून तीन-तीनचे गट करायला लागतील, आपोआप बदलणारे."

"म्हणजे जमेल?"

"केबलचा साइज बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. मंजूर भार किती आहे ते बिलावर असेल, ते काढतो. गाडी कोणती घ्यायची ते नंतर. कमिटीच्या बैठकीत हा विषय मी घेतो, त्या मुलाचा जुना अर्जही त्यातच. तू फक्त ऐंशी युनिट आणि आठ तासांचा हिशेब मराठीत, सगळ्यांना कळेल असा एका कागदावर लिहून दे. आणि त्यात युनिट भिंतीवरच्या मीटरची धर, डिस्प्लेवरची नको."